आजी-पणजीच्या आठवणी लिहायच्या कशा? मालवणच्या एका नातीला उत्तर

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताई डोंबिवलीत राहतात. आजी मालवणजवळच्या वाडीत, वय 85 च्या पुढे. पणजी वारली तेव्हा ताई दुसरीत होत्या. लहानपणीच्या मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात गेल्या. आता मुलांसाठी आणि भावंडांसाठी ते सगळं लिहून ठेवायचंय, पण "आजी फार प्रेमळ, तिच्या हातचे घावणे म्हणजे..." इथपर्यंत आलं की पेन थांबतं. आजीला विचारलं तर ती म्हणते, "माका काय येता सांगूक?" पणजीचं म्हणाल तर काठीचा ठकठक आवाज आणि कमरेची चंची, एवढंच आठवतं. चुलतभावांच्या आठवणी वेगळ्याच आहेत. आणि आई म्हणते, जुनं उकरत बसू नकोस.

मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं म्हाताऱ्या बायकांशी बोलून त्यांच्या आठवणी, ओव्या, घरकामाच्या रीती रेकॉर्ड करून ठेवण्याचं काम करते. हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे येत असतो, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

तुमचं पेन थांबतं त्याचं कारण तुमची भाषा कमी पडते हे नाही. तुम्ही त्या घरात मे महिन्यातच होतात, हे आहे. मुंबईला नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांच्या मुलांची आजी ही मे महिन्याची आजी असते. घर भरलेलं, आंबे पिकत घातलेले, फणस फोडलेला, अंगणात मांडव, रात्री ओळीने अंथरुणं. तुम्ही एसटीतून उतरलात की ती दिसायची आणि जूनची शाळा सुरू व्हायच्या आत तुम्ही निघून जायचात, तेव्हा ती पाणंदीच्या तोंडाशी उभी असायची. मधल्या अकरा महिन्यांत ती काय करत होती, कोणाशी बोलत होती, काय जेवत होती, याचं एकही चित्र तुमच्याकडे नाही. म्हणून तुमच्या लिखाणात ती कायम कोणाला तरी वाढत असते. तिचं वर्ष तिच्याकडून मागून घ्या. मग तुमचा मे महिनासुद्धा तुम्हाला वेगळा दिसायला लागेल.

म्हणजे कसं, ते एका उदाहरणाने सांगते. तुम्हाला रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आठवत असणार. मुलं गर चोखायची, तोंडं लाल व्हायची, अंगणात साली वाळत पडलेल्या असायच्या, कोंबड्या हाकलायचं काम तुमच्याकडे. मजाच सगळी. आता तेच आजीच्या बाजूने बघा. रातांबे पिकतात एप्रिल-मे मध्ये आणि मिरगाचा पाऊस येतो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. हातात दिवस थोडे. फळ फोडायचं, साल वेगळी, बिया आणि गर वेगळा. गराच्या रसात मीठ घालायचं, साली त्यात भिजवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी उचलायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी पुटं चढली की सोलं, म्हणजे त्या वाळलेल्या साली, काळीभोर होतात आणि वर्षभर टिकतात. उरलेला खारट रस म्हणजे आगळ. बिया राखेत चोळून, धुऊन, वाळवून ठेवायच्या. मग त्या कुटून पाण्यात उकळायच्या, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी वर थिजलेली चरबी काढून तिचा मुठीने गोळा करायचा. तेच मुठेल. हिवाळ्यात तुमच्या आजीच्या टाचांच्या भेगांत तेच जायचं आणि तुम्ही ते कधी पाहिलं नसेल, कारण तुम्ही हिवाळ्यात तिथे नव्हतात.

याच दिवसांत आंब्या-फणसाची साठं घालायची, फणसाच्या आठळ्या मातीत लोळवून कोपऱ्यात ठेवायच्या, सुके बांगडे आणि गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, डब्यात भरायचे, लाकडं आणि शेणी मांगरात रचायच्या, पडवीत पावसाची झड येऊ नये म्हणून माडाच्या चुडतांची झापं विणायची. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, सगळी बेगमी त्या चार-पाच आठवड्यांत. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत मुंबईहून दहा-बारा माणसं पाहुणचाराला! तुमच्या आठवणीत ती कोंबड्या हाकलायला सांगते ते लाडाने असेल, नाही असं नाही. पण तिला खरोखर एक माणूस कमी पडत होतं. हे लिहा. प्रेमळपणा वाचणाऱ्याला त्यातूनच कळेल.

आता आजीला बोलतं कसं करायचं. "आजी, जुन्या आठवणी सांग ना" असं कधीही म्हणू नका. त्याचं उत्तर "तेव्हा सगळ्यांचाच तसा होता" हेच येणार, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच आहे. तिच्या पिढीतल्या बाईला स्वतःचं आयुष्य सांगण्यासारखं असतं असं कोणी कधी भासवलेलं नाही. त्यापेक्षा तिच्या हाताला काहीतरी द्या. कुळीथ निवडायला, नारळ सोलायला, वाती वळायला. हात चालू लागले की जीभ सुटते, हा माझा नेहमीचा अनुभव. आणि एक लबाडी करा: एखादी कृती मुद्दाम चुकीची सांगा. "सोलांना मीठ अगदी चिमूटभरच घालतात ना गो आजी?" "कोणी सांगल्यान तुका?" इथून सुरू झालेली गोष्ट कुठल्या कुठे जाते. कोणी शिकवलं, सासूने काय टोचून बोललं, माहेरी कसं करत होते, पहिल्या वर्षी सोलांना बुरशी कशी आली, सगळं निघतं.

विचारायचा काळही निवडून घ्या. माणसाला उतारवयात साधारण दहा ते तिशीतलं सगळ्यात ठळक आठवतं. मानसशास्त्रातही हे चांगलं तपासलेलं आहे. म्हणजे तुमच्या आजीचं माहेर, लग्न, पहिली बाळंतपणं. तुमचा जन्म, तुमच्या सुट्ट्या हे तिच्या लेखी बरंच नंतरचं. नातवंडं नेमकं तेच विचारतात, "मी लहानपणी कशी होते?", आणि तिला त्यातलं फारसं आठवत नाही म्हणून हिरमुसतात.

आषाढाबद्दल विचारा. लावणीच्या दिवसांत डोक्यावर इरलं घेऊन चिखलात वाकलेली बाई, घरात रांगतं पोर, नवरा मुंबईच्या गिरणीत. पत्र कोण लिहून द्यायचं, मनिऑर्डर किती दिवसांनी यायची, ती आली नाही तर उधारी कोणाकडे. आचऱ्याच्या बाजूच्या एका आजीने मला सांगितलं होतं की तिची पत्रं शेजारचा शाळकरी मुलगा लिहायचा आणि लिहिलेलं सगळं तिच्या सासूला जाऊन सांगायचा. म्हणून नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. घरात सासूचा जाच वाढला की पत्रात लिहायचं, "विहिरीचं पाणी खूप खाली गेलंय." भर श्रावणातसुद्धा! पोस्टमन एकदा हसला होता म्हणे. चवथीला, म्हणजे गणपतीला, नवरा आला की आधी विचारायचा, पाणी कितपत आहे. ही गोष्ट तिच्या नातवंडांपैकी कोणालाच माहीत नव्हती. विचारलंच नव्हतं कोणी.

ओव्यांचंही तसंच. तुमच्या आजीला येत असतील तर त्या "म्हणून दाखव" म्हटल्यावर येत नाहीत, चारचौघांत लाजते. जात्याचा खुंटा हातात आला आणि घरघर सुरू झाली की एकीमागून एक निघतात. जातं माळ्यावर पडलं असेल तर खाली काढा, पुसा, मूठभर तांदूळ घाला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आता 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. तिथे प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्हीही ते करा. "आमच्या आजीच्या ओव्या" म्हणून नुसते शब्द लिहून ठेवलेत तर दोन पिढ्यांनी ही आजी कोणती, हेच कळणार नाही.

रेकॉर्डिंगचं तांत्रिक अंग फार अवघड नाही. साधा मोबाईल पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन थेट टेबलावर किंवा जमिनीवर न ठेवता घडी घातलेल्या पंचावर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. समुद्राची गाज, कोंबडा, पावसाची रिपरिप चालेल, उलट पुढे ऐकताना तेच हवंसं वाटतं; पंख्याची आणि फ्रिजची घरघर मात्र शब्द खाते. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, वाडी, तिचं पूर्ण नाव, माहेरचं नाव आणि खोलीत कोण कोण आहे ते बोलून घ्या. अर्धा-पाऊण तासाच्या वर ताणू नका. सकाळची पेज झाल्यावर किंवा दिवेलागणीच्या आधी बसा. दुपारी तिला झोपू द्या. व्हिडिओचा मोह पहिल्याच दिवशी नको. कॅमेरा दिसला की बायका पदर सावरून फोटोला बसल्यासारख्या बसतात आणि पुस्तकी बोलायला लागतात. हातांचा व्हिडिओ मात्र जरूर घ्या: आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खवताना, सुपात पाखडताना, मोदकाची पारी वळताना. तोंडाने ते सांगता येत नाही.

ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा. पुष्कळदा त्याच्यानंतर येतं ते महत्त्वाचं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण पुढचा प्रश्न घुसडतो.

लिहून काढताना तिची मालवणी प्रमाण मराठीत करू नका. हे मी जरा हट्टानेच सांगते. शिकलेली नातवंडं "माका" चं "मला" करतात, "गेल्लंय" चं "गेले होते" करतात, आणि मग वाचताना कुठल्याही जिल्ह्याची कुठलीही आजी बोलतेय असं वाटतं. मुलांना कळणार नाही म्हणून घाबरत असाल तर खाली दोन ओळींत अर्थ द्या. मूळ वाक्य तसंच राहू दे, शिवीसकट. आमच्याकडच्या आज्यांच्या शिव्या हा एक वेगळा ठेवाच आहे, तो पुसून टाकलात तर निम्मी आजी गेली.

तारखांचं काय करायचं? "कधी" असं विचारलंत तर "तेव्हा, तुझो बापूस लहान होतो तेव्हा" असं उत्तर मिळेल. तिला साल माहीत नसतं, पण घटना माहीत असतात, आणि घटनेवरून साल काढता येतं. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. तो कोकणभर जाणवला होता आणि त्या वयाच्या बहुतेक सगळ्यांना आपण कुठे झोपलो होतो ते आठवतं. तेव्हा कुठलं मूल मांडीवर होतं, विचारा. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. भोकाचा पैसा 1943 ते 1947 या काळात पाडला गेला, तेव्हा तो करगोट्यात ओवल्याची आठवण असेल तर ती साधारण तिथली किंवा त्यानंतरची. 'रामदास' बोट बुडाली 17 जुलै 1947 ला, मुंबईहून रेवसला जाताना. सहाशेच्या वर माणसं गेली आणि त्यानंतर कित्येक घरांतल्या बायका आपल्या माणसाला पावसात बोटीने येऊ नको म्हणून निरोप धाडायच्या. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. तोवर पेडण्याकडे माहेर असलेल्या वेंगुर्ले-सावंतवाडीच्या सुनांना माहेरी जायचं म्हणजे सरहद्द ओलांडावी लागे. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला आणि मुंबईची बिऱ्हाडं गावी परतली. ते वर्ष तुमच्या आजीला विचाराच. एकाच चुलीवर किती पानं होती आणि भात कुठून आणला, हे त्या वयाच्या बाईइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

बोटीचा विषय निघालाच आहे तर तोही सोडू नका. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली 1998 च्या जानेवारीत. त्याच्या आधी एसटी, आणि तिच्याही आधी आगबोट. बोट मालवणच्या बंदरात आत येत नसे. बाहेर नांगर टाकायची आणि पडावातून उतारूंना किनाऱ्यावर आणायचे. नऊवारी नेसलेली, कडेवर मूल घेतलेली बाई हलत्या बोटीवरून हलत्या पडावात कशी उतरली असेल, ते तिच्याच तोंडून ऐका. पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे जूनच्या आधी मुंबईला गेलेली बाई चवथीपर्यंत परत येण्याची शक्यता कमी. कोणतं बाळंतपण कुठे झालं याचा उलगडा कित्येकदा एवढ्यावरून होतो.

आता पणजी. काठीचा आवाज आणि चंची, एवढंच आठवतं म्हणून तुम्ही कष्टी आहात. मला विचाराल तर हे पुष्कळ आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आपल्याला जवळपास काहीच आठवत नाही, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाच्या आठवणीत माणूस असा तुकड्यातुकड्यांनीच राहतो. त्याला जोड लावून सबंध पणजी उभी करायच्या भानगडीत पडू नका. त्याच दोन गोष्टींना धरून आजीला आणि आईला विचारा. चंचीत काय काय असायचं? पान, सुपारी, चुना, काथ, तंबाखू, आणि त्याखाली? पुष्कळ पणज्यांच्या चंचीत घरातल्या कोणालाही माहीत नसलेले पैसे असत. ते कुठून यायचे, ती कोणाला द्यायची? काठी कशाची होती, कोणी करून दिली, ती काठी घेऊन चालायला कधी लागली? पडली होती का?

पणजीचं नाव नीट शोधा. लग्नात नाव बदलायची रीत होती; तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं की माहेरचं नाव तिथेच मागे राहिलं. नातवंडांना सासरचं नावसुद्धा माहीत नसतं, कारण तिला सगळे 'मोठी आई' नाहीतर 'आये' म्हणायचे. छापील कुलवृत्तांत असेल तर त्यात बघा, पण फार आशा ठेवू नका; त्यांत पुरुषांची वंशावळ खोलवर असते आणि बायकोच्या वाट्याला एखादं नाव, तेही असलं तर. माझा भरवसा तलाठ्याकडच्या फेरफार नोंदींवर जास्त आहे. पणजोबा वारल्यावर जमिनीला वारस लागले असतील तर त्या फेरफारात विधवेचं आणि मुलींची नावं सापडू शकतात. जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर, मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते बरेचदा मोडीत असतं, तेव्हा मोडी वाचणारा गाठावा लागेल. तुमची मालवणची वाडी इंग्रजी मुलखातल्या रत्नागिरी जिल्ह्यात होती. पण पणजीचं माहेर कुडाळ-सावंतवाडीकडचं असेल तर तो भाग 1948 पर्यंत संस्थानात होता, कागद त्या हिशेबाने शोधा. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 चा. जुन्या दाखल्यावर 'जि. रत्नागिरी' दिसलं म्हणून तो आपला नव्हे असं समजू नका. नाशिक-त्र्यंबकेश्वरला कोणी यात्रेला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही घराण्याची नावं असतात.

तिचं लग्न कितव्या वर्षी झालं ते कळलं तर जपून लिहा. बालविवाह रोखणारा शारदा कायदा 1929 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. मुलीचं वय किमान 14 ठरलं. कायदा लागू व्हायच्या आत उरकून टाकलेली लग्नं देशभर झाली. तुमच्या पणजीचं त्या सुमाराचं असेल तर ती किती लहान होती याचा अंदाज करा, आणि तिच्याकडे बघण्याची तुमची नजर बदलेल तशी बदलू द्या. ज्या घरांत विधवांना आलवण, म्हणजे लाल लुगडं, नेसवत, केस काढत, त्या घरांतल्या नातवंडांच्या लाडक्या आठवणींत लाल लुगड्यातली, खडीसाखर देणारी पणजी असते. ती आठवण गोड आहे आणि खरी आहे. त्या लुगड्यामागचं दुःखही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच पानावर लिहिता येतं. एकाला जागा द्यायची म्हणून दुसरं पुसायची गरज नाही.

इथेच आईचा मुद्दा येतो. "जुनं उकरू नको" असं आई म्हणते तेव्हा बहुतेक वेळा तिला काहीतरी ठाऊक असतं. जमिनीचा वाद, कोणाचं तरी दुसरं लग्न, न जगलेलं मूल, कुळकायद्यात किंवा खोती गेल्यावर कोण कोणापासून तुटलं. तुमच्या आजीची ती सून आहे, हेही विसरू नका! आईला दिसलेली सासू ही तुम्हाला दिसलेल्या आजीपेक्षा वेगळी बाई आहे: तुम्हाला घावणे वाढणारी, आणि तिला पहिली दोन वर्षं मीठ कमी-जास्त झालं म्हणून सुनावणारी. आईला वेगळं बसवून, आजी जवळ नसताना, तिचंही रेकॉर्ड करा. पटवायला जाऊ नका. तुम्ही तिचं ऐकायला बसलात एवढ्यानेच पुष्कळदा ती "नको" विसरते.

चुलतभावांच्या आठवणी जुळत नाहीत, ते उत्तम आहे. जुळत असत्या तर मला शंका आली असती की सगळ्यांनी एकच गोष्ट एकमेकांकडून ऐकलीय. आठवण दर वेळी सांगताना थोडी हलते, आणि फोटो पाहून तयार झालेली आठवण तर खरीच वाटते. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर "कोणाला काय आठवतं?" असं विचारू नका, पहिला जे लिहील त्यालाच बाकीचे माना डोलावतील. प्रत्येकाला वेगळा फोन करा, तेच चार प्रश्न विचारा, आणि मतभेद तसेच लिहा. मोठ्या भावाला आजी कडक आठवते आणि धाकट्याला मऊ, तर दोघांच्या मधल्या वर्षांत घरात काय बदललं ते शोधा. कदाचित मोठ्याच्या वेळी सासू जिवंत होती आणि धाकट्याच्या वेळी नव्हती. घरात सासूची नजर असताना नातवाचे फार लाड करण्याची सोय नसे.

फोटोंबद्दल थोडं, कारण कोकणात हवाच त्यांची वैरी आहे. लॅमिनेट करू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच टिपून घ्या. फ्लॅश बंद, खिडकीतला उजेड तिरका येईल असा. सुटे फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा. बुरशी आली असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका. सावलीत कोरडा होऊ द्या, मग मऊ ब्रशने झटका. मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहा, आणि ती आजीला एकेक फोटो हातात देऊन विचारून लिहा, कारण ती गेल्यावर त्यातल्या निम्म्या बायका 'कोणीतरी नातेवाईक' होऊन बसतील. सगळं मिळून तीन प्रती करा आणि त्यातली एक कोकणाबाहेर ठेवा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडची छपरं उडाली, 22 जुलै 2021 ला चिपळुणात घराघरांत पुराचं पाणी शिरलं. ट्रंकेतला एकुलता एक अल्बम ही जपून ठेवण्याची जागा नव्हे.

लिहून झालं की ते आजीला वाचून दाखवा. चवथीला घर भरलेलं असेल तेव्हा नको, तेव्हा तिच्या बोलण्यावर सगळ्यांचे कान असतात. आधी एकटीला वाचा, मालवणीत जसंच्या तसं. ती दुरुस्त्या सांगेल, त्या समासात तारीख घालून लिहा, पहिलं खोडू नका. काही ठिकाणी ती म्हणेल, "आता ता कित्याक व्हया?" (आता ते कशाला हवं?) तो भाग तिच्या नावाचा आहे असं समजा. फाडून टाकू नका, पण प्रतीतून काढा. वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, फाईलच्या नावातच 'बंद' असं लिहा, आणि ती कोणी, केव्हा उघडायची ते तिलाच विचारून तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या.